त्रिशंकू दोन आहेत : आकाशाचा सातबारा कोणाच्या नावावर?

लग्न ठरवताना पत्रिका बघायची नाही, हे आपल्या चळवळीतल्या पोराला वेगळे सांगावे लागत नाही. पण त्याच पोराला रात्री गच्चीवर नेऊन विचारा, मृग दाखव, सप्तर्षी दाखव. तो म्हणेल, ते भटजींचे खाते आहे, आपण विज्ञानवादी. आमचा वाद इथेच सुरू होतो. पंचांग फेकून दिले ते बरोबरच केले. पण पंचांगाबरोबर आकाशही फेकून दिले, आणि ज्यांनी ते आपल्या नावावर चढवून घेतले होते त्यांना ते फुकटात सोडून दिले. सातबारा तपासायच्या आधीच ताबा सोडणारा माणूस शहाणा म्हणत नाहीत.

तेव्हा आधी तपासू. आणि दूर कशाला जायचे, आपल्या बीड जिल्ह्यापासूनच बघू.

दसरा-दिवाळी झाली की बालाघाटच्या डोंगरातली गावे रिकामी होतात. पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूर, केज इकडचे कोयते उचल घेऊन कारखान्याच्या फडावर जातात. कोपीत घड्याळ असो नसो, अंधारात उठून फडात पोचायचे असते. डिसेंबरात पहाटे चारला मृग पश्चिमेला कललेला असतो, सप्तर्षी ईशान्येकडून वर चढलेले असतात आणि पूर्वेला स्वाती तांबूस चमकत असते. मोबाइल यायच्या आधी बैलगाडी जुंपायची वेळ कळायची ती यांच्यावरून. हे ज्ञान पोथीतून आलेले नाही. रात्री उघड्यावर राहावे लागणाऱ्या, गुरे राखणाऱ्या, राखणीला बसणाऱ्या, तांड्यासोबत चालणाऱ्या माणसांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जमवलेले आहे. छप्पर असलेल्या माणसाला आकाशाची गरज कमी पडते, हे साधे आहे.

नावांचीच गोष्ट घ्या. उत्तरेला जे सात ठळक तारे आहेत त्यांना पोथी सप्तर्षी म्हणते, सात ब्राह्मणांची नावे देते. खेड्यातली म्हातारी त्याला खाटले किंवा बाज म्हणते. चार तारे म्हणजे बाजेचे चार पाय, आणि मागचे तीन म्हणजे ती बाज चोरून नेणारे तीन चोर. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी गोंडांच्या आकाशज्ञानाचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध केला, पुढच्या वर्षी सहकाऱ्यांसह बंजारा आणि कोलामांचा केला. गोंडांकडेही सप्तर्षींची बाजच आहे. मृगाच्या जागी शेतीची अवजारे आहेत, आकाशगंगा म्हणजे गुरांची वाट आहे. आता हेच मृग नक्षत्र ऐतरेय ब्राह्मणात काय आहे ते पाहा. तिथे प्रजापती हरणाचे रूप घेऊन आपल्याच मुलीमागे धावतो, देव चिडतात, रुद्र त्याला बाण मारतो. धावणारा तो मृग, मारणारा तो व्याध, मुलगी ती रोहिणी आणि मधले तीन तारे म्हणजे तीन पेरांचा बाण. त्याच ताऱ्यांत कष्टकऱ्याला पेरणीचे अवजार दिसले आणि यज्ञ करणाऱ्याला हे दिसले. ज्याच्या डोक्यात जे, त्याला आकाशात ते.

पावसाच्या नक्षत्रांनाही लोकांनी आपली नावे दिली. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघा-पूर्वांचा सासू-सुनांचा, उत्तराचा रब्बीचा आणि हस्ताचा हत्तीचा. पंचांगवाल्याने त्यावर बेडूक, म्हैस, उंदीर, गाढव अशी वाहने बसवली आणि यंदा मृगाचे वाहन कोल्हा आहे म्हणून पाऊस कमी, असा धंदा सुरू केला. बीडसारख्या अवर्षणाच्या जिल्ह्यात असल्या भाकितावर बियाणे घ्यायचे की नाही हे ठरवणारी माणसे आजही आहेत, म्हणून थोडे थांबून हिशेब करू.

मृग नक्षत्र निघाले म्हणतात तेव्हा मृगाचे तारे आकाशात दिसतच नाहीत. कारण 7-8 जूनला सूर्यच त्या ताऱ्यांच्या भागात आलेला असतो, ते दिवसा उगवतात आणि दिवसा मावळतात. म्हणजे मृग हा सूर्याचा पत्ता आहे. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस राहतो, एवढेच. दुसरी गोष्ट अशी की पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू फिरतो, त्यामुळे नक्षत्रांचा आणि ऋतूंचा मेळ दर 72 वर्षांना सुमारे एक दिवस सरकतो. वेदांग ज्योतिषात सूर्य दक्षिणेकडे वळतो तो आश्लेषेच्या मध्यावर. सहाव्या शतकातला वराहमिहिर स्वतःच नोंदवतो की आता तसे राहिले नाही, वळण पुनर्वसूत आले आहे. आज ते मृग आणि आर्द्राच्या सीमेवर आहे. वराहमिहिराच्या काळात सूर्य मृगात शिरायचा तो आजच्या कॅलेंडरने मे महिन्याच्या मध्याला. पाऊस तेव्हाही ताऱ्यांची वाट बघत नव्हता, आताही बघत नाही. तो समुद्र, जमीन आणि वारा यांच्या तापण्यावर चालतो. नक्षत्र ही शेतकऱ्याची दिनदर्शिका होती. तिला देव करून ठेवला तो दुसऱ्यांनी.

आणि देव केला एवढ्यावर भागले नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेचा पंधरावा अध्याय आपल्यातल्या प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा वाचावा असे आम्ही म्हणतो. तिथे अठ्ठावीस नक्षत्रे जातींना वाटून दिली आहेत. सात गट, प्रत्येकाला चार. तिन्ही पूर्वा आणि कृत्तिका ब्राह्मणांच्या. तिन्ही उत्तरा आणि पुष्य राजांचे. रेवती, अनुराधा, मघा, रोहिणी शेतकऱ्यांच्या. पुनर्वसू, हस्त, अभिजित, अश्विनी व्यापाऱ्यांच्या. मूळ, आर्द्रा, स्वाती, शततारका उग्र म्हणून ठरवलेल्या जातींच्या. मृग, ज्येष्ठा, चित्रा, धनिष्ठा चाकरी करणाऱ्यांच्या. आणि आश्लेषा, विशाखा, श्रवण, भरणी चांडाळांच्या. गावात जशी गढी, पेठ, आळी आणि वेशीबाहेरची वस्ती, तशीच आखणी वर. जमिनीवरची जात आकाशात नेऊन ठोकली, की मग ती आकाशातून आली असे सांगायला मोकळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटले ते हेच. इथे तर ताऱ्यांचीही उतरंड लावलेली आहे.

हे जुने झाले असे कोणी म्हणू नये. आज छापल्या जाणाऱ्या पत्रिकेत छत्तीस गुण जुळवतात, त्यातला पहिलाच कूट वर्ण नावाचा आहे. कर्क, वृश्चिक, मीन या राशींचा वर्ण ब्राह्मण, मेष, सिंह, धनू क्षत्रिय, वृषभ, कन्या, मकर वैश्य आणि मिथुन, तूळ, कुंभ शूद्र. पुढे गण येतात, देव, मनुष्य आणि राक्षस. आपल्या काही घरांत आजही दिवाणखान्यात बुद्धमूर्ती असते, लग्नात त्रिशरण-पंचशील होते आणि त्याच्या आधी कोणीतरी गुपचूप मोबाइलवर गुण जुळवून घेतलेले असतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात आपल्या मुलीचा वर्ण शूद्र आहे असे अॅप सांगते आणि आपण त्याला त्या सेवेचे पैसे देतो! महात्मा जोतीराव फुल्यांनी 1869 मध्ये 'ब्राह्मणांचे कसब' लिहिले, त्यात मूल जन्मल्यापासून राशी-ग्रह सांगून शेतकऱ्याला कसे लुबाडले जाते तेच मांडले होते. दीडशेहून जास्त वर्षे झाली. भटजींच्या जागी अॅप आले, दक्षिणा ऑनलाइन झाली.

गंमत अशी की मनुस्मृतीलाही हा धंदा पटत नव्हता. श्राद्धाला कोणत्या ब्राह्मणाला बोलावू नये त्या यादीत नक्षत्रांवर पोट भरणाराही आहे. आणि तिसऱ्याच अध्यायात कोणत्या मुलीशी लग्न करू नये ते सांगताना नक्षत्राचे, झाडाचे, नदीचे आणि अंत्यजाचे नाव असलेली मुलगी नको म्हटले आहे. रोहिणी, रेवती, चित्रा, विशाखा या नावांच्या आमच्या लेकी-बहिणी वस्त्यावस्त्यांत आहेत. मनूला नको असलेल्या यादीत तारे आणि आपण शेजारी-शेजारी बसलो आहोत. संगत वाईट नाही.

आता ज्या ग्रंथासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. दिव्यावदान या बौद्ध संस्कृत ग्रंथात शार्दूलकर्णावदान नावाचे एक अवदान आहे. त्याची सुरुवात बऱ्याच जणांना माहीत असते. श्रावस्तीत भंते आनंद विहिरीवर पाणी भरणाऱ्या प्रकृती नावाच्या मुलीकडे पाणी मागतात. ती म्हणते, मी मातंगाची मुलगी आहे. ते म्हणतात, मी जात विचारली नाही, पाणी मागितले. रवींद्रनाथ टागोरांनी 1933 मध्ये 'चंडालिका' लिहिले ते यावरच, आणि तिथवरच. पण मूळ अवदान तिथे संपत नाही, उलट त्याचा मोठा भाग पुढे आहे. तथागत प्रकृतीला संघात घेतात, तेव्हा श्रावस्तीतले ब्राह्मण आणि गृहस्थ खवळतात, राजा प्रसेनजितापर्यंत तक्रार जाते. सगळे जमतात. तथागत त्यांना पूर्वीची एक गोष्ट सांगतात.

त्रिशंकू नावाचा मातंगांचा राजा होता, चांडाळ. त्याचा मुलगा शार्दूलकर्ण शिकून तयार झाला. त्याच्यासाठी त्रिशंकूने मुलगी मागितली ती पुष्करसारी नावाच्या बड्या ब्राह्मणाची. पुष्करसारी संतापला. चांडाळाने ब्राह्मणाची मुलगी मागायची? त्रिशंकूने त्याला शांतपणे उत्तर दिले. राख आणि सोने, अंधार आणि उजेड यांत जसा फरक दिसतो तसा ब्राह्मणात आणि इतरांत कुठे दिसतो? ब्राह्मण आकाशातून पडला नाही, वाऱ्यातून आला नाही, जमीन फोडून वर आला नाही. तोही आईच्या पोटातून येतो, चांडाळही तिथूनच येतो. पशुपक्ष्यांत जाती दिसतात त्या अंगावर दिसतात, माणसात तसे काही दिसत नाही. मुद्देसूद, एकामागून एक. आणि मग पुष्करसारी त्याची परीक्षा घ्यायला लागतो. तू काय शिकला आहेस? वेद माहीत आहेत का? नक्षत्रे माहीत आहेत का?

त्यावर चांडाळ राजा ब्राह्मणाला आकाश शिकवतो. अठ्ठावीस नक्षत्रे, कृत्तिकेपासून. कोणत्या नक्षत्रात किती तारे, त्यांचा आकार कसा, चंद्र तिथे किती मुहूर्त राहतो. कृत्तिकेचे सहा तारे, वस्तऱ्याच्या आकाराचे. रोहिणीचे पाच, गाड्यासारखे. मृगाचे तीन, हरणाच्या डोक्यासारखे. पुढे कोणत्या महिन्यात दिवस किती, रात्र किती, शंकूची सावली किती, काळाची आणि लांबीची मापे. नावच त्रिशंकू असलेल्या माणसाने शंकूच्या सावलीचा हिशेब सांगावा हेही छान जुळले आहे.

हा मजकूर किती जुना? तिसऱ्या शतकाच्या अखेरीपर्यंत धर्मरक्षाने याचे चिनी भाषांतर केलेले होते. म्हणजे जातींना नक्षत्रे वाटणाऱ्या वराहमिहिराच्या दोन-अडीचशे वर्षे तरी आधी चांडाळाच्या तोंडून नक्षत्रविद्या सांगणारा ग्रंथ भारताबाहेर पोचला होता. भारतीय ज्योतिषाच्या इतिहासात नक्षत्रांच्या ताऱ्यांची संख्या आणि आकार सांगणाऱ्या जुन्या साधनांत त्याची गणना होते. पण आपल्या शाळेच्या पुस्तकात आर्यभट असतो, वराहमिहिर असतो, भास्कराचार्य असतो, हा त्रिशंकू कुठे नसतो. कॉवेल आणि नील यांनी 1886 मध्ये केंब्रिजहून दिव्यावदान छापले तेव्हाही हे अवदान परिशिष्टात गेले. शांतिनिकेतनातून सुजितकुमार मुखोपाध्याय यांनी त्याची स्वतंत्र आवृत्ती काढली ती 1954 मध्ये. 1959 मध्ये दरभंग्याहून आलेली दिव्यावदानाची आवृत्ती प. ल. वैद्य या मराठी पंडिताने संपादित केली होती. जन्माने कोण, हा आमचा प्रश्न नाही, काम कोणाचे एवढेच बघतो.

कोणी म्हणेल, या अवदानात शकुन आणि फलेही आहेत. आहेत. कोणत्या नक्षत्रावर जन्मला तर काय होते हेही त्यात सांगितले आहे, आणि ते आम्ही स्वीकारत नाही. झाकूनही ठेवत नाही. त्या काळात निरीक्षण आणि भविष्य एकाच पोत्यात भरलेले असायचे, बाबिलोनपासून चीनपर्यंत सगळीकडे. पोते निवडायचे कसे, हे तथागतांनीच शिकवले आहे. ब्रह्मजाल सुत्तात ग्रहण कधी लागेल, त्याचे फळ काय, असे सांगून पोट भरणे ही हीन विद्या म्हटली आहे. आणि विनयपिटकाच्या चुल्लवग्गात दुसरी गोष्ट आहे. अरण्यात राहणाऱ्या भिक्खूंकडे चोर आले. पाणी आहे का, विस्तव आहे का, आज चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे, ही दिशा कोणती, असे विचारू लागले. भिक्खूंना काहीच सांगता येईना. चोरांना वाटले हे भिक्खू नाहीत, आपल्यासारखेच कोणी चोर आहेत, आणि त्यांनी त्यांना बडवले. तेव्हा तथागतांनी नियम केला की अरण्यातल्या भिक्खूने पाणी-विस्तव ठेवावा, दिशा ओळखाव्यात आणि नक्षत्रांच्या जागा शिकून घ्याव्यात. आकाश शिका, त्यावर भविष्य विकू नका. आम्हाला धोरण म्हणून एवढे पुरे आहे.

आता दुसरा त्रिशंकू. रामायणाच्या बालकांडातला. हा इक्ष्वाकू कुळातला राजा. त्याला देहासकट स्वर्गात जायचे होते. वसिष्ठाने नकार दिला, वसिष्ठाच्या मुलांनी त्याला शाप दिला, तू चांडाळ होशील. रात्रीत त्याचा रंग काळा झाला, अंगावर लोखंडाचे दागिने आले. मनुस्मृती चांडाळाला दागिने लोखंडाचेच नेमून देते, म्हणजे कथाकाराला गणवेश पाठ होता. विश्वामित्राने त्याला वर पाठवले, इंद्राने उलटा ढकलला, आणि विश्वामित्राने दक्षिणेकडे नवे तारे निर्माण करून त्याला मध्येच थांबवले. डोके खाली, पाय वर, कायमचा. चांडाळ झालेल्या माणसाला आकाशातही सरळ उभे राहू द्यायचे नाही, असा हा धडा. मराठीत आपण 'त्रिशंकू अवस्था' म्हणतो तेव्हा हीच गोष्ट पुन्हा सांगत असतो. एकाच नावाचे दोन चांडाळ राजे. एक आकाश शिकवतो, दुसरा आकाशात लटकतो. दुसरा घराघरांत माहीत आहे आणि पहिला ग्रंथालयात पडून आहे. इतिहास कोण सांगतो यावर काय फरक पडतो, असे विचारणाऱ्याला हे उत्तर द्यावे.

आणि तो वसिष्ठ? त्याचाही तारा सप्तर्षींत आहे, बाजेच्या तीन चोरांतला मधला. त्याच्या अगदी शेजारी बारीकशी अरुंधती. ब्राह्मणी लग्नात नवरीला ती दाखवतात, पातिव्रत्याचा आदर्श म्हणून. संस्कृत कोशांत अरुंधतीचे आणखी एक नाव अक्षमाला दिलेले आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात अक्षमाला ही नीच योनीतली असून वसिष्ठाशी लग्न झाल्यामुळे पूज्य झाली, असे म्हटले आहे. आणि अश्वघोषाच्या बुद्धचरितात तर सरळच सांगितले आहे की अक्षमाला मातंगी होती. ज्या कुळाने राजाला चांडाळ होण्याचा शाप दिला त्याच कुळाच्या मूळपुरुषाशेजारी मातंगाची लेक बसली आहे, आणि नवऱ्या मुली तिला नमस्कार करतात. प्राचीन ग्रंथांतले मातंग आणि आजच्या मातंग बांधवांची वंशावळ जोडून दाखवण्याचा आमचा उद्योग नाही, त्याची गरजही नाही. जे नाव हीन म्हणून वापरले गेले ते कुठे-कुठे लपवावे लागले, एवढे बघितले तरी पुरे.

ग्रहणाचे तर आपल्या आजी-आजोबांनी भोगले आहे. ग्रहण लागले की 'दे दान, सुटे गिरान' ओरडत महार-मांगांनी गावातून दाणे, जुनी वस्त्रे मागत फिरायचे. राहू म्हणजे मांग, त्याने सूर्य-चंद्राला शिवले म्हणून ग्रहण, म्हणून त्याच्या जातभाईंना दान द्या म्हणजे तो सोडेल. विटाळाची कल्पना पार सूर्यापर्यंत नेली होती. आणि हे अज्ञानातून झाले असे कोणी म्हणू नये. आर्यभटाने 499 मध्येच लिहून ठेवले होते की चंद्रग्रहण पृथ्वीच्या सावलीने आणि सूर्यग्रहण चंद्रामुळे होते. 628 मध्ये ब्रह्मगुप्ताने, ज्याला हे गणित उत्तम येत होते, वेद-स्मृतींचा हवाला देऊन राहूची बाजू घेतली. पुढे अकराव्या शतकात अल्बेरूनीने त्याला यावरून चांगलेच धारेवर धरले आहे. गणित माहीत असून राहू जिवंत ठेवला, कारण राहूवर स्नान, दान आणि सोवळे-ओवळे उभे होते. ती आरोळी बंद झाली ती कुठल्या पंचांगकर्त्याने दुरुस्ती केली म्हणून नाही. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून आपल्या माणसांनी मागणे आणि गावकीची कामे सोडली म्हणून ती बंद झाली.

राशींचे आणखी सोपे आहे. नक्षत्रे इथली जुनी, पण मेष-वृषभ या बारा राशी बाबिलोनमधून ग्रीकांकडे आणि ग्रीकांकडून इथे आल्या. वराहमिहिराने बृहज्जातकात मेषाला क्रिय, वृषभाला तावुरि अशी नावे नोंदवली आहेत, ती सरळ ग्रीक शब्दांची संस्कृत रूपे आहेत. यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्याकडे नीट आहे म्हणून त्यांचाही ऋषींसारखा मान होतो, असेही तोच म्हणतो. हे यवन आपल्याला परके नव्हते. कार्ले, जुन्नर, नाशिकच्या बौद्ध लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानाचे लेख आहेत. पैठण आणि तेर ही सातवाहनांच्या काळातली पेठेची शहरे ग्रीक खलाशाने नावानिशी नोंदवली, आणि त्या दोहोंच्या मधला पट्टा म्हणजे आपला बीड जिल्हा. बाबासाहेबांनी मराठवाड्यातल्या पोरांसाठी 1950 मध्ये काढलेल्या महाविद्यालयाला पुढे नाव दिले तेही मिलिंद या यवन राजाचेच. तेव्हा राशी म्हणजे शुद्ध वैदिक ठेवा, असे सांगणाऱ्याला क्रिय आणि तावुरि यांचे वैदिक धातू विचारावेत.

भास्कराचार्यांचे गाव विज्जलविड कोणते यावर वाद आहे, काहींनी ते बीडशीही जोडले आहे. बहुतेकांचा कौल चाळीसगावजवळच्या पाटणकडे जातो. आम्हाला त्या वादापेक्षा पाटणचा शिलालेख महत्त्वाचा वाटतो. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. 1207 च्या या लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात मठाला काय-काय द्यायचे ते सांगितले आहे. त्यात तेलाच्या घाण्यामागे पळी-पळी तेलही आहे. म्हणजे आकाशाचा अभ्यास चालला तो घाणा फिरवणाऱ्याच्या तेलावर. शिकायला मात्र त्या मठात घाणेवाल्याचे पोर बसले असेल असे आम्हाला वाटत नाही.

विसाव्या शतकात चित्र बदलले ते मेघनाद साहांसारख्यांमुळे. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या गरीब दुकानदाराचा, बंगालच्या जातिव्यवस्थेत खालचा ठरवलेला मुलगा. कोलकात्याच्या वसतिगृहात वरच्या जातीची मुले त्याला पंगतीत बसू देत नव्हती. त्याच साहांनी 1920 मध्ये ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे तापमान आणि घटक कसे वाचायचे याचे समीकरण दिले. आणि स्वातंत्र्यानंतर देशातल्या पंचांगांचा गोंधळ निस्तरण्यासाठी 1952 मध्ये सरकारने समिती नेमली तिचे अध्यक्षही तेच होते. त्यांनी सुचवलेली राष्ट्रीय दिनदर्शिका 22 मार्च 1957 पासून लागू झाली, ते पाहायला ते राहिले नव्हते. सरकारी राजपत्रावर आजही ती तारीख असते. पंचांगवाल्यांनी ती मनावर घेतली नाही.

उलट 2001 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने फलज्योतिष विद्यापीठांत आणायचे ठरवले, 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला हरकत घेतली नाही, 2021 मध्ये इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने ज्योतिषात एम.ए. सुरू केले. याच काळात जयंत नारळीकरांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रात साधी चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिष्यांना प्रत्येकी चाळीस दिल्या, कोणती कोणाची ते सांगा. उत्तर पाठवणाऱ्या 27 जणांचे सरासरी यश 46 टक्के निघाले. नाणे उडवले असते तर पन्नास आले असते.

रोहित वेमुलाला ताऱ्यांचे वेड होते, कार्ल सेगनसारखे विज्ञानावर लिहायचे त्याचे स्वप्न होते. आपल्या वस्तीतल्या पोरापोरींत असे वेड असलेले कितीतरी आहेत. त्यांना आकाश दाखवायला दुर्बीण लागत नाही, फार तर शाखेतल्या एखाद्या कार्यकर्त्याला दिशा माहीत असाव्या लागतात. म्हणून एक कार्यक्रम सुचवतो.

बुद्धपौर्णिमेला अभिवादनाचा कार्यक्रम संपला की रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास माळावर जावे, जिथे दक्षिणेला झाडे आणि दिवे नाहीत तिथे. उत्तरेला ध्रुव क्षितिजापासून एकोणीस अंशांवर असतो. हात सरळ लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश भरते, म्हणजे दोन मुठींना जरासा कमी. त्याच्या वर बाज आणि तीन चोर. मधल्या चोराजवळ नीट बघितले तर अरुंधती, चंद्रप्रकाशात तिला शोधायला चांगली नजर लागते. पूर्वेकडून वर आलेला पूर्णचंद्र विशाखेच्या आसपास असतो. वैशाख हे नाव त्यावरूनच पडले, आणि वराहमिहिराच्या वाटणीत हे नक्षत्र चांडाळांचे. मग दक्षिणेकडे तोंड करावे. क्षितिजापासून एका मुठीवर पतंगाच्या आकाराचे चार तारे दिसतात. आपल्या मराठी तारानकाशांत त्यांचे नाव त्रिशंकू असे छापलेले असते. बीडहून तो फार वर येत नाही, पण त्या वेळी सरळ उभा असतो.

पोरांना तिथेच अवदानाचा शेवट सांगावा. पुष्करसारी हरतो, मुलगी देतो, लग्न होते. आणि गोष्ट संपवून तथागत श्रावस्तीच्या लोकांना सांगतात की तो शार्दूलकर्ण म्हणजे हा आनंद, ती मुलगी म्हणजे ही प्रकृती, पुष्करसारी म्हणजे सारिपुत्त, आणि तो मातंगांचा राजा त्रिशंकू मीच होतो.